कांगोचं कोल्टन, रवांडाचा कागद

चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. युरोपातल्या ग्राहकाने त्यांना ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स’ची एक्सेल शीट पाठवली आहे. तुमच्या मालात कथिल, टँटलम, टंगस्टन, सोनं आहे का, ते कुठल्या स्मेल्टरमधून, म्हणजे खनिजातून धातू काढणाऱ्या कारखान्यातून, आलं, कांगो किंवा त्याच्या शेजारच्या देशांतून आलं का, असं त्यात विचारलंय. ते लिहितात: ही भानगड काय आहे? कांगोतलं युद्ध खरंच मोबाइलसाठी चाललंय का? तिथली लूट नेमकी कोण करतं, अमेरिका, चीन की आणखी कोणी? आणि हा फॉर्म भरून काही फरक पडतो का?

माझं काम धातूंच्या पुरवठा साखळीच्या तपासणीचं. स्मेल्टरकडे आलेलं खनिज ज्या खाणीचं म्हणून दाखवलंय तिथलंच आहे का, हे वजनं, तारखा आणि कागद जुळवून बघायचं. त्यामुळे माझं उत्तर जरा कारकुनी वळणाचं होणार, पण या विषयात भाषणांपेक्षा कारकुनीच जास्त उपयोगी पडते, असं माझं मत झालंय.

आधी मोबाइलचं. पूर्व कांगोतलं युद्ध १९९६ मध्ये सुरू झालं आणि कोल्टनचे, म्हणजे मोबाइलच्या कपॅसिटरमध्ये जाणारं टँटलम ज्यातून निघतं त्या खनिजाचे, भाव २००० च्या अखेरीस भडकले. रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ दरम्यान सुमारे आठ लाख माणसं, बहुतांश तुत्सी, मारली गेली. मारणारं सैन्य आणि त्यांच्या टोळ्या दहा लाखांहून जास्त हुतू निर्वासितांच्या गर्दीत मिसळून सीमेपलीकडे पूर्व कांगोतल्या गोमा-बुकावूच्या छावण्यांत शिरल्या आणि तिथून रवांडावर हल्ले करू लागल्या. रवांडा आणि युगांडाने बंडखोर नेते लोरां काबिलांना पुढे करून १९९७ मध्ये कांगोचे हुकूमशहा मोबुटूंची राजवट उलथली, त्याची सुरुवात इथे आहे. उत्तर किवूतल्या मासिसीसारख्या भागात किन्यारवांडा, म्हणजे रवांडाची भाषा, बोलणाऱ्यांच्या जमिनी आणि नागरिकत्वावरून १९९३ मध्येच कत्तली झाल्या होत्या. खनिजं नसती तरी हे भांडण पेटलं असतं. फक्त ते तीस वर्षं पेटत ठेवायला लागणारा पैसा कुठून आला असता, हा प्रश्न आहे.

आता लुटीचं. इथे आपल्याकडे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात येतात. तांबं आणि कोबाल्ट आहे दक्षिणेला, कटांगात. कोल्टन, कथिल आणि युद्ध आहे पूर्वेला, किवू प्रांतांत. लुबुंबाशी ते गोमा सरळ रेषेत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. जगातलं दोन तृतीयांशाहून जास्त कोबाल्ट कांगोतून येतं, आणि त्या मोठ्या खाणी मुख्यतः चिनी आणि स्विस कंपन्यांच्या हातात आहेत. तिथली लूट करारांतून होते. आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने २०१३ मध्ये पाच खाण-सौद्यांचा हिशोब मांडला होता. सरकारी मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकल्यामुळे २०१० ते २०१२ या काळात कांगोचं १३६ कोटी डॉलरचं नुकसान झालं, असा तो हिशोब. त्यासाठी कोणाला गोळी झाडावी लागली नाही.

कटांगातही बंदूक चालली होती, पण ती १९६० मध्ये. ३० जूनला स्वातंत्र्य आणि ११ जुलैला कटांगा फुटून वेगळं. मागे बेल्जियमचं सैन्य आणि यूनियन मिनिएर ही खाण कंपनी. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांना १७ जानेवारी १९६१ ला त्याच कटांगात मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यात तेव्हा मोठी भारतीय ब्रिगेड होती, आणि कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. हा एक धागा सोडला तर आपल्या बोलण्यात कांगो फारसा येत नाही.

किवूत मात्र मोठी कंपनी शोधायला गेलात तर हाती थोडंच लागेल. वालिकालेतली बिसीची कथिलाची खाण हा अपवाद, बाकी बहुतेक काम फावड्याचं आहे. रुबाया घ्या. मासिसीतल्या या टेकड्यांमधून जगातल्या टँटलमपैकी १५ टक्क्यांहून जास्त माल येतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या कांगो मोहिमेच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेला सांगितलं. क्रोझर, म्हणजे हाताने खोदणारे, बिळासारख्या खड्ड्यांतून माती काढतात, ती पाण्यात धुतात, खाली बसलेलं जड काळं खनिज पोत्यात भरतात. पोती डोक्यावरून किंवा मोटारसायकलवरून खाली येतात. तिथे नेगोसियां, म्हणजे दलाल, विकत घेतो आणि गोम्यातल्या कोंतुआरला, निर्यातदाराच्या पेढीला, विकतो. भाव पोत्याच्या वजनावर ठरत नाही, आत टँटलम किती टक्के यावर ठरतो. म्हणून पेढीवर हातात धरायचं एक्स-रे यंत्र असतं, आणि ज्याच्या हातात ते यंत्र त्याच्याच हातात भाव. खोदणाऱ्याला स्वतःच्या मालात काय आहे, हे दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

सशस्त्र गट या साखळीत सहसा खोदायला जात नाहीत. ते रस्त्यावर बसतात. आपल्याकडचे जुने जकात नाके आठवा, फक्त पावती फाडणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक आहे असं समजा. इपिस या बेल्जियन संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दोन्ही किवू प्रांतांतले नाके नकाशावर मांडले, तेव्हा ते आठशेच्या आसपास भरले. त्यातले कित्येक सरकारी सैन्याचे आणि सरकारी खात्यांचे होते. आणि कर फक्त खनिजावर नव्हता. कोळसा, लाकूड, भाजी, आठवडी बाजाराला निघालेली बाई, जे हललं त्यावर. खनिजावर बंदी घातली की बंदुकीची कमाई थांबेल असं मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा बघावा.

तरी रुबायाचं गणित वेगळ्या मापाचं आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस रवांडाच्या पाठिंब्यावरच्या एम२३ या बंडखोर गटाने रुबाया घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढे नोंदवलं की तिथून महिन्याला किमान १२० टन कोल्टन रवांडात जातं आणि एम२३ ला त्यावरच्या करातून महिन्याला किमान ८ लाख डॉलर मिळतात. भागाकार केला तर किलोमागे साडेसहा-सात डॉलर. गटाने खाणींसाठी स्वतःचं खातं उभं केलं, परवाने दिले, आणि ट्रक जावेत म्हणून रस्ते रुंद करायला गावकऱ्यांना सलोंगोला, म्हणजे वेठीला, जुंपलं.

हे ८ लाख वरच्या १३६ कोटींशेजारी ठेवा. त्या पाच सौद्यांइतकी रक्कम रुबायाच्या करातून गोळा करायला एम२३ ला १४० वर्षं लागतील. हा कर त्यांची एकमेव कमाई नाही, आणि मालाची खरी किंमत करापेक्षा कितीतरी जास्त, हे धरूनही. पैशाच्या मापाने मोठी लूट शांततेत होते. माणसं मात्र छोट्या लुटीत मरतात, कारण तिला जमीन ताब्यात ठेवावी लागते.

आणि जमीन ताब्यात ठेवायला शेजारी लागतो. ‘परकीय हस्तक्षेप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन किंवा बीजिंग येतं. किवूत तो किगाली, कंपाला आणि बुजुंबुरातून, म्हणजे रवांडा, युगांडा आणि बुरुंडीतून येतो. ऑगस्ट १९९८ मध्ये दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा रवांडा, युगांडा, बुरुंडी एका बाजूला आणि आता सत्तेवर असलेल्या काबिलांच्या बाजूने अंगोला, झिंबाब्वे, नामिबिया होते. बोलावून आलेल्यांनीही फुकट काही केलं नाही. झिंबाब्वेच्या सैन्याशी जोडलेल्या कंपन्यांना म्बुजी-मायीच्या हिऱ्यांत वाटा मिळाला. रवांडा आणि युगांडा हे तर मित्र, पण जून २००० मध्ये त्यांची सैन्यं किसांगानीत, दोघांच्याही मायदेशापासून शेकडो किलोमीटर आत, एकमेकांवर तोफा डागत होती. शहर कांगोचं, मेले ते कांगोचे नागरिक. नोव्हेंबर २००० मध्ये रवांडाच्या पाठिंब्यावरच्या आरसीडी-गोमा या बंडखोर गटाने कोल्टन निर्यातीची मक्तेदारी एकाच कंपनीला देऊन किलोमागे १० डॉलर कर लावला. म्हणजे आजच्या एम२३ चा नमुना तेव्हाच तयार होता, दर तर आजच्याहून जास्तच. रवांडाच्या सैन्याने त्या तेजीत १८ महिन्यांत किमान २५ कोटी डॉलर कमावले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा २००१ चा अंदाज होता.

यावर न्याय झाला का? अर्धा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये युगांडाला दोषी धरलं. त्या निकालातला एक बारकावा मला अजूनही महत्त्वाचा वाटतो: संपत्ती लुटणं हे युगांडाचं सरकारी धोरण होतं, असं न्यायालयाने मानलं नाही. अधिकारी आणि सैनिक लुटत होते आणि सरकारने त्यांना रोखलं नाही, ईशान्य कांगोतल्या इतुरीवर ताबा असताना रोखणं त्यांचं कर्तव्य होतं, म्हणून जबाबदार धरलं. भरपाई ठरायला २०२२ उजाडलं. एकूण ३२.५ कोटी डॉलर, त्यातले २२.५ कोटी माणसांच्या हानीचे, ४ कोटी मालमत्तेचे आणि नैसर्गिक संपत्तीचे ६ कोटी. रवांडावरचा खटला मात्र चाललाच नाही. त्यांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नव्हता, त्यामुळे २००६ मध्ये तो दारातच संपला.

आता मूळ मुद्दा, कागदाचा. गोम्याहून रवांडाची सीमा म्हणजे शहराची कडच. पोतं पलीकडे गेलं की ते रवांडाचं होऊ शकतं, कारण रवांडातही कोल्टनच्या खऱ्या खाणी आहेत. छोट्या, विखुरलेल्या, पण खऱ्या. पूर्णपणे खोटा माल पकडणं सोपं असतं. खऱ्यात मिसळलेला पकडणं कठीण. त्यात कांगोच्या बाजूला कर आणि वरकड वसुली जास्त आणि पलीकडे कमी, म्हणून युद्ध नसतं तेव्हाही माल तिकडेच वाहतो. व्यापाऱ्याला त्यासाठी बंडखोर असावं लागत नाही.

हे रोखायला २०१०-११ पासून टॅगची पद्धत आली. खाणीवर पोत्याला एक क्रमांकित प्लास्टिकचा टॅग, दलालाच्या गोदामात दुसरा, आणि दोन्हींची वहीत नोंद. कल्पना चांगली. पण टॅग लावणारा सरकारी कर्मचारी, पगार अनियमित, आणि रिकाम्या टॅगला बाजारात किंमत. ज्या खाणीत महिन्याला एक टन निघतो तिथून पाच टनांचे टॅग गेले, तर बाकीचे चार टन कुठले, हा पाचवीच्या गणिताचा प्रश्न आहे. आमच्या धंद्यातली बरीचशी तपासणी खरं तर एवढीच असते. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२२ मध्ये या योजनेतूनच चोरीचा माल पांढरा होतो, असा आरोप केला. योजना चालवणाऱ्या इट्सीने तो फेटाळला. जर्मनीच्या भूगर्भ संस्थेने खनिजाची रासायनिक ओळख पटवण्याची पद्धत विकसित केली आहे, आणि पोतं वेगळं असेपर्यंत ती कामाची आहे. स्मेल्टरच्या भट्टीत गेल्यावर मात्र कोणतंही यंत्र उगम सांगू शकत नाही. म्हणूनच तुमच्या फॉर्ममध्ये सगळा भर स्मेल्टरवर आहे. जगात टँटलम शुद्ध करणारे कारखाने मोजके, चीन, जपान, थायलंड, जर्मनी, एस्टोनिया, कझाकस्तान, ब्राझील वगैरे ठिकाणी. हजारो खड्डे तपासण्यापेक्षा तेवढी दारं तपासणं शक्य आहे.

रवांडाची बाजूही मांडायला हवी. त्यांचं म्हणणं असं की हत्याकांड करणाऱ्यांचे वारस असलेला एफडीएलआर हा गट अजून किवूत आहे, कांगोचं सैन्य त्याला बरोबर घेऊन लढतं, आणि रवांडाची पावलं बचावाची आहेत. यातली पहिली दोन विधानं खोटी नाहीत. पण तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक कांगोत असल्याचं नोंदवलं, आणि एफडीएलआरचा बंदोबस्त करायला कोल्टनचे ट्रक रवांडात न्यावे लागत नाहीत.

हा हस्तक्षेप बाहेरच्या दाबाने थांबतो का? एकदा थांबलेला आहे. एम२३ ने नोव्हेंबर २०१२ मध्ये गोमा घेतलं होतं. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी रवांडाची मदत रोखली किंवा लांबवली, संयुक्त राष्ट्रांनी टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावीच्या सैनिकांची लढाऊ ब्रिगेड उभी केली, आणि वर्षभरात एम२३ कोसळली. खाणी तिथेच होत्या, कोल्टनला मागणीही होतीच.

दुसऱ्या वेळी तसं झालं नाही. एम२३ नोव्हेंबर २०२१ मध्ये परतली. जुलै २०२१ पासून रवांडाचं सैन्य मोझांबिकच्या काबो देलगादोमध्ये होतं, जिथे फ्रेंच टोटालएनर्जीजचा अब्जावधींचा गॅस प्रकल्प अडकला होता. युरोपीय संघाने त्या तैनातीसाठी रवांडाला दोनदा, प्रत्येकी २ कोटी युरो दिले. दुसरा हप्ता मंजूर झाला नोव्हेंबर २०२४ मध्ये, रुबाया पडून सहा महिने उलटल्यावर. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच संघाने रवांडाशी महत्त्वाच्या खनिजांचा सामंजस्य करार केला होता. गोमा २७ जानेवारी २०२५ च्या सुमारास पडलं, तीन आठवड्यांत बुकावू. मग मार्चमध्ये निर्बंध आले, त्यात किगालीतली एक सोन्याची रिफायनरीही होती. तुमच्या ग्राहकाला फॉर्म पाठवायला लावणारा युरोप आणि हा युरोप एकच.

किन्शासा, म्हणजे कांगोचं सरकारही, भाडोत्री मदतीत मागे नव्हतं. गोमा पडलं तेव्हा सरकारच्या बाजूने असलेले जवळपास तीनशे रोमानियन कंत्राटी सैनिक शरण येऊन रवांडामार्गे घरी गेले. पण स्वतःच्या सैनिकाला धड पगार पोचत नाही, ही तक्रार तिथे मोबुटूंच्या काळापासूनची आहे, आणि उपाशी सैनिक नाका उभारतोच.

आता अमेरिका आली आहे. जून २०२५ मध्ये कांगो आणि रवांडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आणि ४ डिसेंबरला कांगोचे राष्ट्राध्यक्ष चिसेकेडी आणि रवांडाचे कागामे यांनी वॉशिंग्टनमध्ये शांतता करारावर सह्या केल्या. त्याच दिवशी कांगो आणि अमेरिका यांच्यात खनिजांसह भागीदारीचाही करार झाला. एम२३ यात पक्षकार नाही, तिची बोलणी दोह्यात वेगळी चालली. सह्यांनंतर आठवडाभरात एम२३ बुरुंडीच्या सीमेजवळच्या उविरा शहरात शिरली. पुढे तिने तिथून माघारीची घोषणा केली, तरी मला या करारात शांततेपेक्षा खनिजाची कलमं जास्त काळजीपूर्वक लिहिलेली वाटतात.

सोन्याचं वेगळं सांगतो, कारण ते आपल्या जास्त जवळचं आहे. अमेरिकेने २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम १५०२ ने कंपन्यांना या चार खनिजांचा उगम जाहीर करायला लावलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला, म्हणजे लोरांचे चिरंजीव, यांनी किवू आणि शेजारच्या मानिएमातलं हातखाणकाम सहा महिने बंद केलं. खरेदीदार पळाले, कथिल-कोल्टनवाले खोदणारे उघड्यावर आले, आणि बंदूकधारी सोन्याकडे वळले. टनभर कोल्टनला ट्रक लागतो. किलोभर सोनं खिशात जातं. ते कंपाला, किगाली, बुजुंबुरामार्गे दुबईला पोचतं. स्विसएड या स्विस संस्थेच्या हिशोबाने २०२२ या एका वर्षात आफ्रिकेतून ४३५ टन सोनं नोंदीशिवाय बाहेर गेलं, त्यातलं बहुतेक अमिरातीत. सुदानचं युद्धही याच वाटेवर पोसलं जातं. आणि दुबईहून सोनं आपल्याकडे येतं, हे झवेरी बाजारात कोणाला सांगायला नको. आपल्या दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक शुद्धता सांगतो. उगम सांगणारा रकाना आपल्या कायद्यात नाही.

आता तुमचा फॉर्म. सोल्डरमध्ये कथिल असतं, बोर्डावर टँटलम कपॅसिटर असण्याची शक्यता आहे, कनेक्टरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. म्हणून ‘आमच्या मालात काही नाही’ हे उत्तर बहुधा चुकीचं ठरेल. कपॅसिटर आणि सोल्डर पुरवणाऱ्याकडून त्यांची भरलेली शीट मागवा, आणि व्यापाऱ्याचं नाव स्मेल्टरच्या रकान्यात येऊ देऊ नका. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कांगोशी संबंध नको म्हणून सरसकट ‘नाही’ लिहायचा मोह होईल. तसं करू नका. कांगोतून माल घेणं गुन्हा नाही, आणि सगळ्यांनी पाठ फिरवली की काय होतं ते २०१० मध्ये दिसलं आहे. तुम्हाला विचारलंय ते एवढंच, की माहीत आहे का.

टँटलमपाशी थोडा वेळ द्या. कपॅसिटर कंपनीला लेखी विचारा: तुमच्या स्मेल्टरने मे २०२४ नंतर रवांडाचा माल घेतला का, आणि घेतला असेल तर खाणींची नावं आणि त्यांचं मासिक उत्पादन त्याने तपासलं का. ‘आमचा स्मेल्टर प्रमाणित आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. मग देशाच्या प्रश्नापुढे ‘अननोन’ निवडा, तो पर्याय त्यासाठीच ठेवलेला आहे. ग्राहकाचा फोन येईल, तेव्हा कपॅसिटर कंपनीचं पत्र त्यांनाच पुढे पाठवा.